एक्सेलचे तक्ते वर्डमध्ये लिंक करावेत की एम्बेड करावेत?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. आपण ठाण्यात नौपाड्यातील एका सीएंच्या कार्यालयात काम करता. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यासाठी दर तिमाहीला बँकेला द्यायचा सुमारे ३० पानांचा अहवाल आपण वर्डमध्ये तयार करता आणि त्यातील १५ तक्ते व ६ चार्ट एकाच एक्सेल फाइलमधून येतात. आकडे शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहतात. गेल्या तिमाहीत चार्टमध्ये नवा आकडा आणि त्याच्याच वरच्या तक्त्यात जुना आकडा, अशा अवस्थेत अहवाल छापला गेला. शिवाय कारखान्याच्या लेखापालांनी चार्टवर राइट-क्लिक करून ‘एडिट डेटा’ दाबले, तेव्हा लिंक केलेली फाइल उपलब्ध नसल्याचा संदेश आला. यावर आपल्या वरिष्ठांनी ‘सगळे एम्बेड करून टाका’, म्हणजे एक्सेलची प्रतच वर्डच्या फाइलमध्ये बसवा, असा उपाय सुचवला आहे आणि तो योग्य आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझ्या मते तो योग्य नाही, निदान कार्यालयाबाहेर जाणाऱ्या अहवालासाठी तरी नाही. अहवाल आपल्याकडे तयार होत आहे तोपर्यंत लिंक ठेवावी, म्हणजे वर्डने आकडे मूळ एक्सेल फाइलमधूनच घेत राहावे, आणि तो बाहेर जाण्याच्या वेळी त्याची प्रत काढून, त्या प्रतीतील सर्व लिंक तोडून, तीच पाठवावी. एम्बेड करण्याचे प्रसंग असतात, पण ते फार थोडे आहेत. मी गेली वीसएक वर्षे महापे आणि रबाळे भागातील लहान कारखान्यांचे प्रकल्प अहवाल आणि बँकेचे कागद तयार करीत आलो आहे. पुढे जे लिहितो ते त्याच कामातून, बऱ्याचदा स्वतः चुकून, शिकलेले आहे.

प्रथम तक्ता जुना आणि चार्ट नवा हे कसे झाले ते पाहू, कारण त्यात आपली काही चूक नव्हती. एक्सेलमधील सेल निवडून वर्डमध्ये कंट्रोल-व्ही केले, तर वर्डचा साधा तक्ता तयार होतो आणि त्याचा एक्सेलशी असलेला संबंध त्याच क्षणी संपतो. परंतु एक्सेलमधील चार्ट निवडून त्याच कंट्रोल-व्हीने आणला, तर काहीही वेगळे न सांगता तो लिंक होऊनच येतो, कारण चार्टच्या बाबतीत वर्डची मूळ निवड ‘यूज डेस्टिनेशन थीम अँड लिंक डेटा’ ही आहे. म्हणजे एकाच कळीने आपण १५ मृत तक्ते आणि ६ जिवंत चार्ट गोळा केले होते. एक्सेलमध्ये दुरुस्ती झाली तेव्हा चार्ट बदलले आणि तक्ते होते तसेच राहिले. कारखान्यात आलेला संदेशही याच कारणाने आला. चार्टचे काढलेले आकडे वर्डच्या फाइलमध्ये साठवलेले असतात, म्हणून तो दिसतो व्यवस्थित. मात्र त्याची मूळ फाइल आपल्या डी ड्राइव्हवर नौपाड्यात असल्याने संपादन करू गेल्यावर ती सापडत नाही. पेस्ट केल्यावर चार्टच्या कोपऱ्यात जे छोटे चिन्ह उमटते, त्यावर क्लिक केल्यास एम्बेडचे दोन, लिंकचे दोन आणि चित्राचा एक, असे पाच पर्याय दिसतात. ते पर्याय पाहण्याची सवय लागली की निम्मा गोंधळ संपतो.

आता एम्बेडविषयी. एम्बेड करताना आपण निवडलेला तक्ता किंवा चार्ट तेवढाच आत जातो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात संपूर्ण वर्कबुक आत जाते, त्यातील सर्व शीटसह, लपवलेल्या शीटसुद्धा. मला हे बारा-तेरा वर्षांपूर्वी कळले. एका यंत्रसामग्रीच्या प्रस्तावात मी दरांचा तक्ता ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट’ म्हणून एम्बेड करून पाठवला. समोरच्या खरेदी अधिकाऱ्यांनी त्यावर डबल-क्लिक केले, तेव्हा त्यांना खाली इतर शीटचे टॅब दिसले. त्यातील एका शीटवर आमचे खरेदीचे दर आणि त्यावरील नफ्याची टक्केवारी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर जी सवलत मागितली, ती आमच्या नफ्याच्या टक्केवारीशी इतकी तंतोतंत जुळत होती की मला काही बोलता आले नाही. आपल्या बाबतीत तर त्या वर्कबुकमध्ये येणेकऱ्यांची नावे, भागीदारांची उचल आणि कदाचित दुसऱ्या बँकेतील शिल्लकही असेल. बँकेला जे द्यायचे ते द्यावेच, पण काय द्यायचे ते आपण ठरवलेले असावे.

आकाराचाही प्रश्न आहे. एकाच वर्कबुकमधून दहा वस्तू एम्बेड केल्या तर त्या वर्कबुकच्या दहा स्वतंत्र प्रती आत जातात. २ एमबीच्या वर्कबुकचा अहवाल अशा रीतीने २० एमबीच्या आसपास पोहोचतो आणि मग ईमेलची २५ एमबीची मर्यादा डोळ्यांसमोर दिसू लागते. त्याहून वाईट म्हणजे या दहा प्रतींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. एका प्रतीत दुरुस्ती केली तर उरलेल्या नऊ जुन्याच राहतात. आपली मूळ तक्रार हीच होती की एक आकडा दोन ठिकाणी वेगळा दिसला. एम्बेड केल्याने तो रोग बरा होत नाही, फक्त जास्त खोल जातो.

एम्बेड मी एकाच परिस्थितीत करतो. समोरच्या व्यक्तीने आकडे भरून परत पाठवायचे असतील, उदाहरणार्थ एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना अंदाजपत्रकाचा मसुदा द्यायचा असेल, तर त्या एका तक्त्यापुरते नवे कोरे वर्कबुक तयार करून, त्यात फक्त मूल्ये पेस्ट करून, ते एम्बेड करावे.

येथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करायला हवे. अहवालात दोन-तीनच तक्ते असतील आणि तो वर्षातून एकदा निघत असेल, तर साधे पेस्ट करून शेवटी एकदा ताडून पाहणे पुरेसे आहे. लिंकची व्यवस्था उभी करण्यात त्याहून जास्त वेळ जाईल. संस्थेच्या २०० सभासदांना प्रत्येकी वेगळ्या थकबाकीचे पत्र पाठवायचे असेल, तर ते लिंकचे काम नसून मेल मर्जचे, म्हणजे एकाच पत्राच्या साच्यात यादीतील प्रत्येकाची माहिती आपोआप भरण्याचे, आहे. आपले कार्यालय गूगल डॉक्स वापरत असेल, तर तेथे शीटमधून लिंक करून आणलेला चार्ट आपोआप बदलत नाही, त्याच्यावर येणारे ‘अपडेट’ बटण कोणीतरी दाबावे लागते. ही पद्धत मला उलट बरीच सोयीची वाटते. पण दर तिमाहीला तोच साचा, तेच १५ तक्ते आणि शेवटच्या दिवसापर्यंत बदलणारे आकडे, या आपल्या कामाला वर्डमधील लिंकच योग्य आहे.

तक्ता लिंक करण्यासाठी एक्सेलमध्ये सेल कॉपी करून वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबावे, म्हणजे ‘पेस्ट स्पेशल’ची चौकट उघडते. त्यात डावीकडे ‘पेस्ट लिंक’ निवडावे. उजवीकडील यादीत बरेच जण सर्वांत वरचा ‘वर्कशीट ऑब्जेक्ट’ घेतात आणि पुढे पस्तावतात. ऑब्जेक्ट म्हणून आलेला तक्ता हा वर्डच्या दृष्टीने एक चित्र असतो. तो दोन पानांत विभागला जात नाही. पानापेक्षा लांब झाला तर त्याचा खालचा भाग कापला जातो, आणि खालच्या भागातच तर बेरीज असते. त्याऐवजी ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ म्हणजे आरटीएफ हा पर्याय घ्यावा. त्याने वर्डचा खराखुरा तक्ता तयार होतो, तो पानांवर नीट वाहतो आणि तरीही लिंक राहतो. एक अडचण मात्र आहे: वर्डमध्ये आपण रंग, ठळकपणा किंवा कॉलमची रुंदी बदलली असेल, तर पुढच्या अद्ययावतीकरणात ते पुसले जाते. ‘प्रिझर्व्ह फॉरमॅटिंग आफ्टर अपडेट’ हा पर्याय आहे, पण तक्त्यात एखादी रो वाढली की बेरजेचा ठळकपणा वरच्याच रोला चिकटून राहतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून सर्व सजावट एक्सेलमध्येच करावी आणि वर्डमध्ये तक्त्याला हात लावू नये. येणेकऱ्यांची चार-पाच पानी यादी तर मी वर्डमध्ये आणतच नाही. ती एक्सेलमधून थेट पीडीएफ करून परिशिष्ट म्हणून शेवटी जोडतो.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे उत्तर एवढे लांबवले, ती सांगतो. वर्डमधील लिंक ही एक फील्ड, म्हणजे वर्डने कोडवरून स्वतः भरायची जागा, असते. ऑल्ट-एफ९ दाबले की तक्त्याच्या जागी तिचा कोड दिसतो. त्यात एक्सेल फाइलचा पूर्ण मार्ग, शीटचे नाव आणि सेलचा पत्ता असतो, आणि तो पत्ता रो व कॉलमच्या क्रमांकांत लिहिलेला असतो, म्हणजे ‘रो ४ कॉलम १ पासून रो १८ कॉलम ६ पर्यंत’ अशा अर्थाचा. वर्डची फाइल बंद असताना कोणी एक्सेलमध्ये वर दोन नव्या रो घातल्या, तर तक्ता दोन ओळी खाली सरकतो, पण वर्डमधील पत्ता जिथे होता तिथेच राहतो. मग अहवालात सुरुवातीला दोन भलत्याच ओळी येतात आणि शेवटून बेरीज गायब होते. कोणतीही सूचना येत नाही. आमच्या संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात हे माझ्या हातून झाले. ३१ मार्चच्या ताळेबंदानंतर लेखापरीक्षकांनी खर्चाचे दोन नवे शीर्ष सुचवले, मी ते एक्सेलमध्ये घातले, लिंक अद्ययावत केल्या आणि निश्चिंत मनाने दीडशे प्रती छापायला दिल्या. देखभाल खर्चाच्या तक्त्याला बेरीजच नाही, हे सभेत एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी उभे राहून दाखवून दिले.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. एक्सेलमध्ये तक्ता निवडावा आणि सूत्रपट्टीच्या डावीकडील नावाच्या चौकटीत त्याला एक नाव द्यावे. नावात मोकळी जागा चालत नाही, आणि ते रोमन अक्षरांत ठेवले तर पुढे कमी त्रास होतो, असा माझा अनुभव आहे. मग वर्डमध्ये ऑल्ट-एफ९ दाबून त्या कोडमधील शीट व सेलच्या पत्त्याऐवजी हे नाव लिहावे, पुन्हा ऑल्ट-एफ९ दाबावे आणि एफ९ने लिंक अद्ययावत करावी. आता तक्त्याच्या आत किंवा वर रो घातली की एक्सेल त्या नावाची व्याप्ती स्वतःच बदलते आणि वर्ड नावावरून योग्य जागी पोहोचते. तक्त्याच्या शेवटच्या रोनंतर भर घातली तर मात्र ती नावाच्या बाहेर राहते. म्हणून बेरजेच्या वर एक अरुंद रिकामी रो ठेवावी आणि नव्या रो नेहमी तिच्या वर घालाव्यात. १५ तक्त्यांना नावे देण्यात एक दुपार जाईल, पण ती एकदाच.

प्रस्तावनेतील वाक्यांत जे आकडे येतात, जसे की तिमाहीची उलाढाल किंवा ९० दिवसांवरील येणे, तेही हाताने टंकू नयेत. ती एक सेल कॉपी करून ‘अनफॉरमॅटेड टेक्स्ट’ म्हणून पेस्ट लिंक केली की आकडा वाक्यातच बसतो. बँकेचे अधिकारी तक्त्याच्या आधी प्रस्तावना वाचतात, आणि तिथला आकडा पुढच्या पानाशी जुळला नाही की उरलेला अहवाल ते वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

या साध्या मजकुराच्या लिंकमध्ये आपल्याकडची एक खास अडचण आहे. आकडा एक्सेलमध्ये जसा दिसतो तसाच वर्डमध्ये येतो, आणि एक्सेलमधील स्वल्पविराम विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतात. माझ्या संगणकावर भारताची सेटिंग असल्याने १२,४५,६०० दिसते. सहकाऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर अमेरिकेची सेटिंग तशीच राहिली होती, त्याने अद्ययावत केल्याबरोबर त्याच जागी १,२४५,६०० उमटले. ज्या संगणकांवर अहवाल अद्ययावत होतो, त्या सर्वांची सेटिंग एकदा तपासावी, किंवा रकमा लाखांत आणि दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवाव्यात, म्हणजे प्रश्न बहुतेक वेळा उद्भवतच नाही. दुसरे, आपल्या जुन्या शीटमध्ये मराठी मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर साधा मजकूर म्हणून आणल्यावर फॉन्ट मागे राहतो आणि वर्डमध्ये रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. त्या शीट आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. याला दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

फाइलच्या मार्गाविषयी थोडक्यात. वर्ड लिंकमध्ये पूर्ण मार्ग लिहून ठेवते. त्यामुळे दोन्ही फाइल पेनड्राइव्हवर घालून घरी नेल्या की लिंक नौपाड्यातील डी ड्राइव्हच शोधत राहते. कार्यालयात सर्व्हर असेल तर ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाचा मार्ग वापरावा, कारण एका संगणकावरचा झेड ड्राइव्ह दुसऱ्यावर वाय असू शकतो. फोल्डर बदललेच, तर ऑल्ट-एफ९ने कोड उघडे करून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सर्व तक्त्यांचा मार्ग एकदम बदलता येतो, कोडमध्ये मार्गातील प्रत्येक तिरकी रेघ दोनदा लिहिलेली असते, तेवढे लक्षात ठेवावे. चार्ट मात्र या फील्डच्या हिशेबात येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘फाइल’मध्ये ‘इन्फो’ उघडून उजवीकडे खाली असलेले ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ वापरावे आणि ‘चेंज सोर्स’ करावे.

त्याच चौकटीत प्रत्येक लिंक ‘ऑटोमॅटिक’ ठेवायची की ‘मॅन्युअल’, हेही ठरवता येते. येथे माझे मत बहुसंख्यांपेक्षा वेगळे आहे: सर्व लिंक मॅन्युअल ठेवाव्यात. ऑटोमॅटिक लिंक वर्डची फाइल उघडताना बदलतात, आणि त्या वेळी एक्सेलमध्ये कोणीतरी अर्धवट नोंदी करीत असेल तर त्या अर्धवट नोंदी मुकाट्याने अहवालात येतात. एक्सेलचे काम पूर्ण झाल्यावर ती फाइल उघडीच ठेवून, वर्डमध्ये कंट्रोल-ए आणि एफ९ दाबून सर्व तक्ते, आणि मग लिंकच्या चौकटीत चार्ट निवडून ‘अपडेट नाऊ’ दाबून सर्व चार्ट, असे एकाच बैठकीत अद्ययावत करावे. एक्सेल फाइल उघडी असली की हे काम बरेच लवकर होते. शीर्षभागात किंवा मजकुराच्या चौकटीत एखादी लिंक असेल तर कंट्रोल-ए तिथपर्यंत पोहोचत नाही. तिथे जाऊन वेगळे एफ९ दाबावे लागते.

अहवाल अंतिम झाला की ‘सेव्ह ॲज’ करून नावात तारीख घातलेली नवी प्रत तयार करावी आणि पुढचे सर्व त्या प्रतीतच करावे. लिंक तोडण्यासाठी अनेक जण कंट्रोल-ए करून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबायला सांगतात. तसे करू नये, कारण त्याने मजकुरातील सर्वच फील्ड साधा मजकूर होतात, अनुक्रमणिका आणि ‘पाहा तक्ता ७’ यांसारखे संदर्भसुद्धा. ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’च्या चौकटीत शिफ्ट धरून सर्व लिंक निवडाव्यात आणि ‘ब्रेक लिंक’ करावे. तक्ते वर्डचेच राहतात, चार्ट दिसत राहतात, फक्त त्यांचे आकडे आता कोणाला उघडता येत नाहीत. कोडमधील फाइलचे मार्गही जातात. ज्या मार्गात दुसऱ्या ग्राहकाच्या नावाचा फोल्डर असतो, तो बँकेच्या हाती पडण्याचे कारण नाही. मग त्याच प्रतीची पीडीएफ काढावी आणि बँकेने वर्ड फाइल मागितली नसेल तर पीडीएफच पाठवावी. लिंक असलेली मूळ फाइल पुढच्या तिमाहीसाठी आपल्याकडे राहते.

पाठवण्यापूर्वी मी दोन मिनिटांची एक तपासणी करतो. अंतिम वर्ड प्रत उघडतो आणि ‘फाइल’मध्ये ‘इन्फो’ पाहतो. ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ तिथे अजून दिसत असेल तर कुठेतरी एखादी लिंक राहून गेली आहे. त्यानंतर त्या प्रतीची आणखी एक प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटचे ‘डॉक्स’ खोडून तिथे ‘झिप’ लिहितो आणि ती उघडतो. वर्डची आजची फाइल आतून झिपच असते. तिच्यातील ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एम्बेडिंग्ज’ असा फोल्डर दिसला आणि त्यात एक्सेलची फाइल निघाली, तर कोणीतरी घाईत एखादा तक्ता एम्बेड केलेला आहे, आणि तो कोणता ते शोधल्याशिवाय मी ईमेल पाठवत नाही.